अर्जाच्या पाठीवरची माणसं

उबाळे भाऊसाहेबांना अर्जाच्या पुढच्या बाजूत काडीचाही रस नव्हता. अर्ज हातात आला की ते तो आधी उलटा करायचे. मागणी काय, कोणत्या योजनेखाली, तिकीट लावलंय की नाही, हे सगळं नंतर. आधी चष्म्याच्या वरून अर्जदाराला नीट न्याहाळायचे, कानामागची पेन्सिल काढायचे आणि अर्जाच्या कोऱ्या पाठीवर बारीक अक्षरात लिहायला लागायचे. ‘अर्जदार उंचीने मध्यम. डाव्या पायावर जोर कमी. बोलताना उजवा कान चोळतो. हसला की एक डोळा मिटतो, दुसरा उघडा राहतो.’ मग पेन्सिल परत कानामागे. त्यानंतर शिक्का, आवक क्रमांक, तारीख.

शहापूरच्या ज्या सरकारी कचेरीत आम्ही दोघं होतो तिचं नाव मी सांगत नाही. तिथली बरीच माणसं अजून पेन्शन खातायत, उगाच कुणाची झोप कशाला मोडा! नव्वदच्या दशकाची मधली वर्षं होती. उबाळे आवक-जावकच्या टेबलाला आणि मी, भोईर, त्यांच्या शेजारच्या टेबलाला. भाऊसाहेब मूळचे मुरबाडकडचे, वैशाखऱ्याजवळच्या एका बौद्धवस्तीतले. शहापुरात खोली घेऊन राहायचे आणि शनिवारी एसटीने घरी जायचे. अंगाने काडी, शर्ट कायम पांढरा, आणि बोलणं इतकं हळू की समोरच्याने आपोआप मान पुढे करावी.

पहिल्यांदा मी विचारलं, "भाऊसाहेब, हे पाठीमागे काय लिहिता?"

"पुढं लागंल," ते म्हणाले.

हे त्यांचं ठरलेलं उत्तर. मला वाटलं, पुढे म्हणजे चौकशीबिवकशीला. आमच्या खात्यात ‘पुढे’ म्हणजे फार तर ऑडिट.

एकदा खर्डीच्या पलीकडच्या पाड्यावरची एक म्हातारी हातपंपाच्या दुरुस्तीचा अर्ज घेऊन आली. अर्ज कुणीतरी लिहून दिलेला, खाली हिचा अंगठा. भाऊसाहेबांनी अर्ज उलटा केला आणि विचारलं, "आजी, शिंका येतात त्या किती येतात एका टायमाला?"

म्हातारी जराही दचकली नाही. "तीन. चवथी आली का पाव्हना येतो."

"आणि कोंबड्यांना हाक कशी मारता?"

म्हातारीने भर कचेरीत कोंबड्यांना हाक मारून दाखवली. साहेबांच्या केबिनचं दार उघडून परत बंद झालं. भाऊसाहेब शांतपणे लिहीत होते.

"ह्यानं पंप दुरुस होल काय रे बाबा?"

"पंपाचं मला सांगता येत नाय आजी," ते म्हणाले. "तुमचं मात्र होईल."

आपलं नेमकं काय होणार हे म्हातारीला कळलं नाही, पण आपलं काहीतरी होणार आहे एवढं मात्र तिने पाड्यावर जाऊन सांगितलं. पुढच्या आठवड्यापासून रांग लागली. पाड्यांवरची, वाड्यांवरची माणसं यायची, हातात अर्जसुद्धा नसायचा. "उबाले सायेब, आमचं पन लिव." भाऊसाहेब त्यांच्याकडून एक साधा अर्ज करून घ्यायचे, कारण अर्जाशिवाय पाठ कुठून आणायची? म्हणून आमच्या कचेरीत त्या काळात ‘किरकोळ विनंतीबाबत’ या विषयाचे जितके अर्ज आले तितके जिल्ह्यात कुठे आले नसतील. दिवाळी झाली की गर्दी वाढायची. वीटभट्टीवर निघालेली बिऱ्हाडं वाटेत थांबायची. भांडी, कोंबड्या, कडेवरचं पोर, सगळं आमच्या व्हरांड्यात. "लिवून ठेव सायेब, जातंव आता." त्यातले काही परत यायचे. जे यायचे नाहीत त्यांच्याबद्दल आम्हाला कुणी कळवायचं नाही.

एकदा गंमत झाली. एक फाईल जिल्ह्याला गेली आणि तिथल्या ऑडिटरने कागद उलटून पाहिला. आमच्या साहेबांच्याच एका पत्राच्या पाठीवर लिहिलं होतं : ‘साहेब रागावले की आधी डावी भुवई चढते. चहात बिस्किट पडलं तर इकडेतिकडे बघून बोटाने काढतात. आईचं पत्र आलं की दिवसभर कुणावर ओरडत नाहीत.’ भाऊसाहेबांना कारणे दाखवा नोटीस निघाली. त्यांनी खुलासा दिला : ‘सदर वर्णन वस्तुस्थितीस धरून आहे. बदल झाल्यास तसे नमूद करण्यात येईल.’ एक वेतनवाढ गेली. त्यांच्या बायकोला, आमच्या वहिनींना, मी हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, "माझ्या पाठीवर पण लिवून ठेवलं असंल कायतरी, मला दिसत नाय म्हणून बरं."

शेवटी एकदा चहाच्या टपरीवर त्यांनी मला सगळं समजावून सांगितलं. विज्ञानाची कुठलीशी मासिकं ते वाचायचे, आणि वाचलेल्यात स्वतःचं बरंच घालायचे.

"भोईर, माणूस काय कायम राहणार नाय. लाख वर्षं धरा, दहा लाख धरा. पण माणसानं केलेलं कायतरी राहील. आता ह्या मशिनी आहेत ना, ह्यांच्या पोटी अजून हुशार मशिनी. त्यांना जीव फुटंल. त्यांना भूक नाय, आजार नाय, निवडणूक नाय. मग ते काय करतील?"

"काय करतील?"

"रिकामा माणूस काय करतो? जुन्या फायली काढतो." त्यांनी बशीत चहा ओतला. "ते हे सगळं पुन्हा चालवून बघतील. अख्खं जग. चांदण्यांपासून ते ह्या टपरीपर्यंत. मशीनच्या आत. आणि आतल्यांना वाटंल, आपण खरेच. आता तुमाला वाटतं ना, तसं."

मी कप फळीवर ठेवला. "म्हणजे देवच की!"

ह्यावर ते चिडले. मी त्यांना चिडलेलं फार कमी पाहिलंय. "बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरातला मी. देवबिव काढू नका. देवाला नवस बोलतात. ह्याला कागद लागतो."

"मग कोण तो?"

"कारकून," ते म्हणाले.

त्यांचं म्हणणं असं होतं की त्या पुढच्या कारकुनाला जग परत उभं करायचं तर माहिती लागणार, आणि ती तो कागदावरूनच घेणार. दुसरं त्याच्याकडे आहे काय? आता कागद कुणाचे? ज्याची जमीन त्याचा सातबारा. ज्याचा वाडा त्याचा उतारा. ज्याची भांडणं त्याची कोर्टाची कागदपत्रं. "उद्या त्यानं मशीन चालू केली तर शेतं उभी राहतील, बांध उभे राहतील, बांधावर छत्री घेऊन पाटील उभा राहील. पण लावणीला एक माणूस नसंल चिखलात. पाटील नुसता हाका मारीत बसंल!" हे सांगताना ते इतके हसले की त्यांना ठसका लागला. मीही हसलो. घरी जाताना मात्र मला ते शेत दिसायला लागलं, चिखल तयार, रोपाच्या जुड्या पडलेल्या आणि माणूस नाही. हसू येईना.

तर असा हा सगळा खटाटोप. आता यात एक सरकारी अडचण होती. आमच्याकडे कागदाला चार वर्ग असतात. अ म्हणजे कायमचा जपायचा. ब म्हणजे तीस वर्षं. क म्हणजे त्याहून कमी. आणि ड म्हणजे वर्ष झालं की नष्ट करायचा. हातपंपाचा अर्ज, किरकोळ विनंती, हे सगळं ड. भाऊसाहेबांनी यावर साधा उपाय काढला होता. ते सगळ्यावर अ लिहायचे. वीस वर्षं. रेकॉर्ड रूममध्ये लाल रुमालात बांधलेले गठ्ठे छताला टेकले होते, आणि आत पाय ठेवायचा तर आडवं होऊन शिरावं लागायचं. मुंग्या, वाळवी, एकदा तर धामण. पण कुणी विचारत नव्हतं, कारण आत जाऊन बघणार कोण?

मग नवे साहेब आले आणि त्यांच्यामागून कॉम्प्युटर आले. तीन मशिनी, त्यांना थंड खोली हवी, आणि कचेरीत तेवढी मोठी खोली एकच. साहेब रेकॉर्ड रूमच्या दारात उभे राहिले, एक रुमाल सोडवला, आणि वाचलं. ‘विषय : किरकोळ विनंतीबाबत. वर्ग : अ.’ दुसरा सोडवला. तोच विषय, तोच वर्ग. दुसऱ्या दिवशी लेखी आदेश निघाला. सर्व अभिलेखांचं नव्याने वर्गीकरण करावं, ड वर्गाचे कागद लगद्यासाठी कागदगिरणीकडे पाठवावेत, आणि हे काम श्री. भोईर यांनी करावं.

म्हणजे मी.

भाऊसाहेबांनी साहेबांना चार पानी टिपण दिलं. त्यात दहा लाख वर्षं होती, मशिनी होत्या, चिखलातली माणसं होती. साहेब वाईट नव्हते. त्यांनी ते सगळं वाचलं, आणि वर शेरा मारला : ‘दप्तरी दाखल.’ म्हणजे वाचलं, आता कपाटात ठेवा.

त्या दुपारी भाऊसाहेब रेकॉर्ड रूमच्या पायरीवर माझ्याजवळ येऊन बसले. "भोईर, बाकीच्यांचं काय व्हायचं ते होवो. एक कागद तेवढा वाचवा."

आणि मग त्यांनी बहिणीचं सांगितलं. मी त्यांच्या शेजारी आठ वर्षं बसलो होतो. त्यांना बहीण होती हे मला माहीत नव्हतं.

"आमच्या बापाला जमीन नव्हती. दिवाळी झाली की बिऱ्हाड डोक्यावर, आणि खाडीकडं वीटभट्टीवर. मास्तर म्हणाला पोरगा हुशार आहे, तर मला आत्याकडं ठेवला शाळेसाठी. तिला नेली. चिखल तुडवायला, लहान भावाला सांभाळायला. मला सोडताना ती रडली नाय. मीच रडलो. होळीच्या आसपास तिला ताप आला. दोन दिवस. बापानं खाडीच्या काठाला पुरली आणि दुपारी परत कामाला लागला, भट्टी पेटलेली होती."

त्यांनी पायरीवरची धूळ तळहाताने पुसली.

"मी नोकरीला लागल्यावर शोधलं सगळं. जन्माची नोंद नाय. मेल्याची नाय. शाळेत नाव नाय. रेशनकार्ड निघालं तेव्हा ती गेलेली. फोटो तर कोण काढतो! धाकटा तेव्हा कडेवरचा, त्याला काय आठवणार. आईबाप होते तोवर दोघांना आठवत होती, आता एकट्या मला आठवते. मग मी पहिल्या महिन्यातच तिच्या नावानं अर्ज केला. मीच आवक करून घेतला."

तो अर्ज मला दुसऱ्या दिवशी सापडला. एका गावठाणाच्या फायलीत नुसता सुटा सरकवलेला होता, पृष्ठ क्रमांक नसलेला. ती फाईल खरोखरीची अ वर्गाची. कागद पिवळा पडलेला, अक्षर त्यांचंच, पण तरुणपणचं, गोल. विषय होता, ‘मी होते याबाबत.’ खाली : ‘महोदय, उपरोक्त विषयी विनंती की, मी होते. तरी नोंद घेण्यात यावी.’ सहीच्या जागी अंगठा. कुणाचा ते मी विचारलं नाही. पाठीमागे पेन्सिलीने चारपाच वेळा, वेगवेगळ्या वर्षी लिहिलेलं होतं. ‘वय सात. किंवा आठ.’ ‘केस भुरे.’ ‘पाणी पिताना भांड्याच्या वरून बघायची.’ ‘मला दादा म्हणायची नाही, नावाने हाक मारायची.’ आणि सगळ्यात शेवटी, अलीकडचं, आताच्या बारीक अक्षरात : ‘आवाज आठवत नाही.’

मी आयुष्यात सरकारी कागदाशी कधी लबाडी केली नव्हती. घाबरट माणूस आहे मी. पण त्या दिवशी मी ती अख्खी फाईल उसवली, बहिणीचा कागद मधे घातला, पहिल्यापासून शेवटपर्यंत नवे पृष्ठ क्रमांक टाकले, परत शिवली, आणि दीडशे फायलींच्या ढिगात घालून साहेबांची सही घेतली. झालं. ती आता शासनाच्या दप्तरी कायम होती. तिला हलवायला मंत्रालय लागलं असतं.

भाऊसाहेबांना सांगितलं तर त्यांनी माझा हात धरला आणि बराच वेळ सोडलाच नाही.

याच दिवसांत आम्हाला कॉम्प्युटर शिकवायला कल्याणहून एक मॅडम यायला लागल्या. सगळ्यांची बोटं घाबरलेली. मॅडमनी आम्हाला रमवायला म्हणून एक खेळ दाखवला. पडद्यावर चौकोनांची जाळी. काही चौकोन पेटवायचे आणि सोडून द्यायचं. पुढचं आपोआप. नियम दोनचार. आजूबाजूला दोन किंवा तीन पेटलेले शेजारी असले तर चौकोन जगतो. एकटा पडला तर विझतो. फार गर्दी झाली तरी विझतो. आणि रिकाम्या जागेला बरोबर तीन शेजारी मिळाले तर तिथे नवा पेटतो. एवढ्यावर पडद्यावर वस्त्या उठायच्या, फिरायच्या, एकमेकींवर आदळून मोडायच्या.

भाऊसाहेब खुर्चीतून उठून उभे राहिले. "भोईर, सुरुवात झाली! बघा, सुरुवात झाली!"

मग महिनाभर ते जेवणाच्या सुट्टीत डबा न उघडता त्या मशीनपुढे असायचे. मॅडमना कौतुक वाटायचं, उबाळेकाका किती मनापासून शिकतात. ते वाड्या मांडायचे. इथे आमची वस्ती, इथे ओढा, ही आत्या. मी त्यांची थट्टा करायचो, "आमचं आगरी घर कुठे मांडलंत?" तर ते दाखवायचे, आणि आमचं घर तिसऱ्याच फेरीला विझायचं. "गर्दी फार तुमच्याकडं," असं म्हणून ते हसायचे. तिकडे गिरणीचा टेम्पो येऊन जात होता. पहिल्या खेपेत हातपंप गेले. दुसरीत किरकोळ विनंत्या. कोंबड्यांना हाक मारणारी म्हातारी त्यातच गेली असणार. गठ्ठे मीच उचलून देत होतो. काही पाठी मी वाचल्या, मग वाचायचं बंद केलं.

एका सोमवारी ते मशीनकडे फिरकले नाहीत. टेबलावर बसून राहिले. अर्ज आला तर सरळ घेतला, शिक्का मारला, उलटा केला नाही. मला वाटलं बरं नसेल.

"भोईर," दुपारी ते म्हणाले, "तो खेळ मी परत परत चालवला. मांडणी तीच ठेवायची, न् सोडायचं. कडेला एक चौकोन असतो. नवव्या फेरीला विझतो. मी वीस वेळा चालवला. वीस वेळा नवव्या फेरीलाच."

"मग, मांडणी तीच असल्यावर दुसरं काय होणार?"

"तेच म्हणतो मी." त्यांनी चष्मा काढला. "मी आजपर्यंत एवढंच बघितलं, की ती परत उभी राहील. भांड्याच्या वरून बघंल. पुढचं नाय बघितलं. ते लोक जग चालवतील ते जसंच्या तसं चालवतील. कारकून आहेत ते, नियमानं करतील. मी असतो तरी नियमानंच केलं असतं. म्हणजे भट्टी पण उभी राहील. होळी येईल. मला आत्याकडं ठेवतील न् तिला नेतील."

"एखादा हात घालील की मधे," मी म्हणालो. "दया येईल एखाद्याला."

"तुमाला आली असती. तुमी फाईल उसवली," ते म्हणाले. "पण आठ वर्षांत तुमी एकदाच उसवली, भोईर. तेवढ्यावर पोरीला कशी पाठवू?"

"आणि बाकीचे? एवढ्या हजार लोकांच्या पाठी लिहिल्यात ते?"

"ते आपल्या पायानं आलेले. आमचं पण लिव, म्हणाले. त्यांना परत यायचंय, त्यांची मर्जी. हिला मी विचारलं नव्हतं. तिच्या नावानं अंगठा मीच लावला." त्यांनी उजव्या हाताचा अंगठा माझ्यापुढे धरला, आणि मग खाली घेतला. "तो कागद काढून द्या मला."

मी पुन्हा फाईल उसवली. या वेळी साहेबांची सही असलेली. नोकरी गेली असती. तरी कागद काढला. भाऊसाहेबांनी कागद घेतला आणि त्याच्याकडे पाहिलं नाही. टेम्पो दारात उभा होता, शेवटची खेप. फळीवर चढायला त्यांना जमेना तेव्हा मी खालून आधार दिला. त्यांनी दोन गठ्ठ्यांच्या मधे हात घातला, खोलवर, खांद्यापर्यंत, आणि हात रिकामा बाहेर काढला. टेम्पो गेला. धूळ बसेपर्यंत आम्ही तिथेच उभे होतो.

मग पायरीवर येऊन बसलो. ते रडतील असं मला वाटलं होतं. ते बोलायला लागले. बहिणीची एक गोष्ट सांगितली, दोघं लहान असतानाची, अगदी छोटी. अर्जाच्या पाठीवर ती कधीच लिहिलेली नव्हती. सांगताना त्यांनी तिचा आवाज काढला. मधेच थांबले, कारण आवाज बरोबर आला होता, हे त्यांनाही कळलं.

"हे लिहू नका कुठं," ते म्हणाले. "तिचं नाव पण नको."

भाऊसाहेब रिटायर झाले, आणि तीन वर्षांनी वैशाखऱ्याला वारले. मी मातीला गेलो होतो. आता ती गोष्ट माहीत असलेला मी एकटाच आहे, आणि माझंही वय झालं. मधूनमधून वाटतं, मी गेलो की संपलंच. मग पेन घेऊन बसतो, कागद पुढे ओढतो. आजही तसाच बसलो होतो. भाऊसाहेबांचं सगळं लिहिलं. तिचं नाव इथे कुठे नाही, आणि ती गोष्टही मी लिहिलेली नाही.